नातवाचा इअरफोन आणि आजोबांचे कान

गेल्या पंधरवड्यात आमगाव तालुक्यातील एका भगिनींचे पत्र आले. घरात त्यांचे चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे आहेत आणि बावीस वर्षांचा मुलगा आहे. मुलगा लग्नसराईत आणि गणेशोत्सवात डीजे वाजवतो. या कामासाठी त्याला कानात बसणारे चांगले इअरफोन घ्यायचे आहेत आणि जुने आजोबांना द्यायचे आहेत. पत्रातील प्रश्न साधा होता : कोणते घ्यावेत? पण शेवटच्या चार ओळींनी मला थांबवले. त्यांनी लिहिले होते, ‘मामाजींना ऐकू कमी येते, म्हणून ते टीव्ही मोठा करतात. हल्ली मुलगाही मोठा करतो. मी काही विचारले, की दोघेही एकदमच “काय?” म्हणतात. रात्री कार्यक्रम करून आला, की त्याच्या कानात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूंऽऽ असा आवाज येत राहतो. तो म्हणतो, हे सगळ्यांनाच होते.’

वाचकहो, इअरफोनच्या निवडीचा प्रश्न याच ओळींपासून सुरू होतो. म्हणून आज दुकानातील किमतीच्या पाटीकडे वळण्यापूर्वी आपण कानाकडे वळू.

कान वाजतो, तेव्हा काय होते?

कानाच्या आत शंखासारखा वळसे घेतलेला एक लहानसा अवयव असतो. त्यात जन्मतः सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरीने या पेशींवरील सूक्ष्म केस वाकतात आणि त्यातून निर्माण झालेला संदेश मज्जातंतूमार्गे मेंदूकडे जातो. शेतातून माणसे सतत एकाच वाटेने गेली तर तेथील गवत आडवे होते. थोडी विश्रांती मिळाली तर पुन्हा उभे राहते. केसांचेही तसेच आहे. मोठ्या आवाजानंतर कान बधिर वाटणे, दडे बसणे, सूं-सूं ऐकू येणे ही ते दमल्याची खूण होय. एक-दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. परंतु तीच वाट वारंवार तुडवली गेली, तर गवत मरते. मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही.

या ऱ्हासाची सुरुवात बारीक, उंच आवाजांपासून होते. धानाच्या बांध्यांत रात्री रातकिड्यांची किरकिर सुरू असते. ज्येष्ठांपैकी कित्येकांना ती ऐकू येईनाशी झाली आहे हे कळतही नाही. पुढे स, श, फ, थ अशी व्यंजने निसटू लागतात. मग ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. वय झाल्यावर हे बहुतेकांच्या वाट्याला येते. विशीतल्या मुलाच्या वाट्याला ते येणे मात्र वयाचा दोष नव्हे.

किती आवाज, किती वेळ?

आवाजाची मात्रा डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यात 80 डेसिबलचा आवाज 40 तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. मुलांसाठी ही मर्यादा 75 डेसिबल आहे. हिशेबाची किल्ली अशी : दर 3 डेसिबल वाढले, की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे 83 डेसिबलला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला 5 तास. 100 डेसिबलपर्यंत पोहोचलो, की संपूर्ण आठवड्याचा वाटा वीसेक मिनिटांत संपतो.

वरातीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ 100 डेसिबल सहज ओलांडले जातात. तेथे चार-चार तास उभा राहणारा तरुण एका रात्रीत कित्येक आठवड्यांचा वाटा खर्च करतो. तो आवाज कमी पडतो, म्हणून वर हेडफोन लावून त्याहून मोठे ऐकतो. या मुलाच्या बाबतीत नेमके हेच घडत होते.

डीजेचे काम आणि कानात बसणारा इअरफोन

डीजेला हेडफोन लागतो तो पुढचे गाणे आधी आपल्या एकट्याच्या कानात ऐकून, त्याचा ताल चालू गाण्याशी जुळवून घेण्यासाठी. प्रचलित पद्धत अशी की मोठ्या हेडफोनची एक वाटी कानावर आणि दुसरा कान उघडा. उघड्या कानावर ध्वनिक्षेपकाचा मारा होतो आणि झाकलेल्या कानातील आवाज त्याच्यावर मात करण्यासाठी वाढवला जातो. दोन्ही कानांचे नुकसान होते, फक्त वाटा वेगवेगळ्या.

कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनचा खरा लाभ येथे आहे. तो बूच बसावे तसा कर्णनलिका बंद करतो. नीट बसलेला फोमचा टोक असलेला इअरफोन बाहेरचा आवाज वीसेक डेसिबलने किंवा त्याहून अधिक कमी करू शकतो. बाहेरचा गोंगाट कमी झाला, की आतील गाणे हळू ठेवूनही स्पष्ट ऐकू येते. पण यात एक अट आहे. बूच घट्ट बसवून आतला आवाजही पूर्वीइतकाच मोठा ठेवला, तर बुचाचा काही उपयोग नाही. उलट ध्वनी पडद्याच्या अगदी निकट पोहोचतो.

या साधनाचे कुळ आपल्या वयाच्या वाचकांना आपलेसे वाटावे असे आहे. उत्तम इअरफोनमध्ये जो सूक्ष्म ध्वनिकारक वापरतात, त्याला ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ म्हणतात. तो मुळात श्रवणयंत्रांसाठी वापरात आला. 1991 साली अमेरिकेतील एटिमॉटिक रिसर्च या संस्थेने तो वापरून संगीत ऐकण्यासाठी कानात बसणारा इअरफोन काढला. पुढे 1995 मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाचे ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी, रंगमंचावर कानात घालायचे खास इअरफोन तयार केले. म्हणजे आजोबांच्या श्रवणयंत्राचा भाग नातवाच्या संगीतात गेला. उलट प्रवासही आता सुरू झाला आहे. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी एका इअरबडमधील श्रवणयंत्राच्या सुविधेला मान्यता दिली.

आता निवडीचे मुद्दे पाहू. डीजेचे काम करणाऱ्याने पुढील गोष्टी तपासाव्यात.

तार हवी. ब्लूटूथवर आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक उशीर होतो. एरवी तो जाणवत नाही, पण ताल जुळवताना सगळा घोळ होतो. मिक्सरला मोठी पिन लागते, इअरफोनची लहान असते. जोडणीचा अडॅप्टर सोबत ठेवावा. तार निघून बदलता येणारी असली, तर तुटल्यावर संपूर्ण इअरफोन टाकावा लागत नाही.

टोके नीट बसायला हवीत. डब्यात सिलिकॉनची तीन-चार मापे असतात. बहुतेक लोक मधले माप घालून मोकळे होतात. उजव्या आणि डाव्या कानाचे माप वेगळेही असू शकते. टोक सैल असेल तर ढोलाचा ठोका पोकळ वाटतो, आणि माणूस आवाज वाढवतो. कसोटी सोपी आहे : इअरफोन बसवल्यावर स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, आतून आल्यासारखा वाटला, तर बूच बसले. फोमचे टोक बोटाने दाबून बारीक करावे, कानात घालावे आणि फुगेपर्यंत धरून ठेवावे.

दोन्ही कानांत घालावे. एक काढून एक ठेवण्याची सवय इअरफोनचा लाभ संपवते. बहुतेक मिक्सरवर पुढचे गाणे आणि चालू गाणे एकत्र करून हेडफोनमध्ये देणारा फिरता खटका असतो. तो वापरला, की एक कान उघडा ठेवण्याची गरज उरत नाही.

हळूने सुरू करावे. कानातले इअरफोन थोड्या विजेवर मोठा आवाज देतात आणि मिक्सरची ताकद मोठी असते. म्हणून कानात घालण्यापूर्वी खटका शून्यावर आणावा आणि मग हळूहळू वाढवावा. अनवधानाने झालेला एकच कर्कश दणका पुरेसा असतो.

ज्यांना इअरफोनची गरज नाही, पण ध्वनिक्षेपकाजवळ उभे राहावे लागते, अशा वाहनचालकांनी, वायरी ओढणाऱ्या मुलांनी, बॅन्ड आणि धुमालवाल्यांनी फोमचे साधे कानबूच तरी वापरावेत. ते औषधाच्या दुकानात अल्प किमतीत मिळतात. दर तासाला पाच-दहा मिनिटे दूर जाऊन कानाला विसावा देणे हेही औषधच आहे.

आजोबांसाठी काय?

नातवाचा जुना इअरफोन आजोबांना द्यावा का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याची कारणे तीन.

पहिले, कानातील मळ. कानात बूच घालणारा इअरफोन मळ आत ढकलतो; ज्येष्ठांचा मळ मुळातच कोरडा आणि कठीण असतो. कित्येकदा ऐकू न येण्याचे निम्मे कारण मळाचा खडा हेच निघते. तो काडीने, किल्लीने किंवा कापसाच्या बोळ्याने काढू नये. डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

दुसरे, संसर्ग. एकाचा इअरफोन दुसऱ्याने वापरू नये. आपल्याकडील पावसाळी, दमट हवेत कानात बुरशी लवकर धरते. मधुमेही ज्येष्ठांनी तर अधिक जपावे. त्यांच्या बाह्यकर्णातील साधा वाटणारा जंतुसंसर्ग क्वचित हाडापर्यंत पोहोचतो आणि गंभीर होतो. कानातून पाणी येत असेल, पडद्याला छिद्र असेल, कानात ठणका असेल, तर कानात बसणारे काहीही घालू नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, इअरफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. इअरफोन सगळेच आवाज सारखे वाढवतो. श्रवणयंत्र तपासणीनंतर, ज्या स्वरांत कमतरता आहे तेवढेच वाढवते. ऐकू न येण्यावर इअरफोनचा आवाज वाढवत राहणे म्हणजे उरलेल्या केसपेशीही गमावणे.

मग ज्येष्ठांनी भजन, बातम्या, नातवंडांचा व्हिडिओ कॉल ऐकायचाच नाही का? अवश्य ऐकावा, योग्य साधनाने. कानावरून बसणारा मऊ गादीचा हेडफोन बहुतेकांना सोयीचा पडतो. तो मळ ढकलत नाही, हरवत नाही, थरथरत्या हातांनाही लावता येतो. ब्लूटूथचा सुटा इअरबड उशीखाली हरवतो. गळ्यात अडकवायचा नेकबँड सहसा हरवत नाही. पण ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी नेकबँड घेताना जपावे. पुष्कळ नेकबँडच्या टोकांत लोहचुंबक असतो आणि तो नेमका छातीवर लोंबतो. अशी साधने आणि इअरबडची डबी पेसमेकरपासून किमान 15 सेंटिमीटर दूर ठेवावी, खिशात तर ठेवूच नये. शंका असल्यास हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

एका कानाने कमी ऐकू येत असेल तर फोनच्या सुलभता विभागात जाऊन ‘मोनो’ हा पर्याय सुरू करावा. मग दोन्ही बाजूंचे संपूर्ण संगीत चांगल्या कानात येते. तेथेच डाव्या-उजव्या कानाचा तोलही बदलता येतो. आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवण्याची सोयही अनेक फोनांत आहे; हे काम घरातील तरुणांनी करून द्यावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी त्यावर इअरफोन कोंबू नये. नव्या श्रवणयंत्रांना फोनचा आवाज थेट पोहोचवता येतो, तसे करून घ्यावे.

आणखी एक : बाहेरचा आवाज बंद करणारे इअरफोन घालून रस्त्यावर फिरू नये. फाटक ओलांडताना गाडीची शिटी, मागून येणाऱ्या ई-रिक्षाची घंटी कानावर पडलीच पाहिजे.

आधी तपासणी, मग खरेदी

मी त्या भगिनींना लिहिले, की इअरफोन घेण्यापूर्वी दोघांचीही श्रवणतपासणी करून घ्या. ऑडिओमेट्री नावाची ही तपासणी अर्ध्या-पाऊण तासात होते. सुई नाही, वेदना नाही. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2016 मध्ये सुरू झाले. तेथील कान-नाक-घसा विभागात प्रथम विचारावे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडील ज्येष्ठांना गोंदियापर्यंतचा प्रवास सोपा नाही, हे मी जाणतो. म्हणून जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी मळाची तपासणी करून घ्यावी, म्हणजे एक फेरी वाचू शकते.

श्रवणयंत्राच्या खर्चासाठी दोन योजना लक्षात ठेवाव्यात. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना इतर साधनांसोबत श्रवणयंत्रही मिळते. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असणाऱ्या पात्र व्यक्तीला अशा साधनांसाठी एकरकमी 3000 रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. सध्याची स्थिती आणि कागदपत्रांची माहिती जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावी.

आणि एक सूचना, जी फ्रिजवर चिकटवून ठेवावी अशी आहे. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जावे. उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक परिणामकारक ठरतात. प्रख्यात गायिका अलका याज्ञिक यांनी जून 2024 मध्ये जाहीर केले, की विमानातून उतरताना त्यांना अचानक ऐकू येईनासे झाले आणि विषाणूच्या हल्ल्यानंतर उद्भवलेला मज्जातंतूंचा दुर्मिळ श्रवणदोष झाल्याचे निदान झाले. त्यांच्या आजाराचे कारण वेगळे होते. पण त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या संगीतापासून व हेडफोनपासून सावध केले. जिचे सारे जीवन सुरांत गेले तिचे हे सांगणे आपण कान देऊन ऐकावे.

दुसरे पत्र

दहा दिवसांनी त्या भगिनींचा फोन आला. दोघेही तपासणीला एकत्र गेले होते. आजोबांच्या एका कानातून मळाचा खडा निघाला. उरलेला दोष श्रवणयंत्राने भरून निघण्याजोगा आहे. नातवाच्या आलेखात उंच स्वरांकडे एक लहानशी खाच दिसली. डॉक्टरांनी सांगितले, ही आवाजाने पडणारी खाच आहे. येथेच थांबवता येईल, मागे नेता येणार नाही.

मुलगा तरीही ऐकेना. हंगाम तोंडावर, आगाऊ रक्कम घेतलेली, आणि हळू वाजवणाऱ्या डीजेला कोण बोलावणार? तेव्हा आजोबा बोलले. त्यांची तीस वर्षे राइस मिलमध्ये गेली. यंत्राच्या धडधडीत संध्याकाळी घरी येत, तेव्हा त्यांच्याही कानात सूंऽऽ आवाज येई, आणि तेही म्हणत, हे सगळ्यांनाच होते. ते नातवाला इतकेच म्हणाले, ‘‘मले तं कोनी सांगतलंच नव्हतं रे. तुले सांगून राहिलो.’’

मुलाने धंदा सोडलेला नाही, आणि सोडावा असे मी म्हणणारही नाही. त्या घराची चूल त्यावरही पेटते. त्याने तारेचे, फोमच्या टोकांचे इअरफोन घेतले, सोबतच्या दोन मुलांना कानबूच दिले आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे उभे राहण्याऐवजी बाजूला टेबल मांडायला सुरुवात केली. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम 2000 सालापासून देशभर आहे. राज्य शासनाने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर तो पाळलाच पाहिजे. रुग्णालयाभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात तर ध्वनिक्षेपक वाजवायचाच नाही. वरात पुढे जाते, तेव्हा वाटेवरच्या एखाद्या घरात छातीचे दुखणे घेऊन कोणी झोपलेले असते. हे आजोबांच्या बोलण्यातूनच त्याच्या ध्यानी आले.

आपल्या घरातही असे दोन कान असतील : एक दमलेला, एक दमत चाललेला. आज जेवताना दोघांना हळू आवाजात एकच प्रश्न विचारून पाहा. दोघांकडूनही ‘‘काय?’’ असे उत्तर आले, तर इअरफोनच्या दुकानाआधी कानाच्या डॉक्टरांची पायरी चढा.

पुढील अंकात श्रवणयंत्र वापरायला सुरुवात केल्यानंतरच्या पहिल्या महिन्याविषयी बोलू. ते पेटीत का पडून राहते आणि पडून राहू नये यासाठी घरच्यांनी काय करावे, याविषयीचे आपले अनुभव अवश्य कळवा.